‘दीवार’मधला विजय आणि शमुवेलातला दावीद



कीर्तनात सिनेमाचा दृष्टांत घालू नये, असे आमचे गुरुवर्य सांगत. संतांच्या घरी दृष्टांतांना काय तोटा आहे, असे त्यांचे म्हणणे. मी आळंदीस चार वर्षे अध्ययन केले, ज्ञानेश्वरी आणि गाथा गुरुमुखातून ऐकली आणि तरीही हा नियम मोडला. एकदा नव्हे, वीस-बावीस वर्षे मोडला. ज्या दृष्टांतासाठी मोडला, त्याविषयीच आज लिहायचे आहे. आता गुडघे साथ देत नाहीत, आवाज बसला, नारदाच्या गादीवर उभे राहणे थांबले. तेव्हा लेखणीने का होईना, राहिलेली बाकी चुकती करावी म्हणतो.

तो दृष्टांत ‘दीवार’ चित्रपटातला. १९७५ साली तो आला, तेव्हा मी पंचविशीत होतो. दिग्दर्शन यश चोप्रांचे, कथा-संवाद सलीम-जावेद यांचे. बापावर आळ येतो, तो परागंदा होतो, गावकरी थोरल्या पोराच्या हातावर ‘माझा बाप चोर आहे’ असे गोंदवतात आणि आई दोन मुलांना घेऊन मुंबईला येते. थोरला विजय गोदीत हमाली करता करता तस्करीत शिरतो, धाकटा रवी पोलीस अधिकारी होतो. ही कथा वाचकांपैकी बहुतेकांना पाठ असेल, म्हणून वाढवत नाही. आपल्याला हवे आहे ते एवढेच की, आई सुमित्रा रोज शंकराच्या देवळात जाते, धाकटा तिच्याबरोबर आत जातो आणि थोरला लहानपणापासून पायरीवर बसून राहतो. आत जात नाही, हात जोडत नाही.

पुढे आई मरणाच्या दारात पोहोचते. पोलिसांच्या ससेमिऱ्यामुळे विजयला तिच्यापर्यंत जाता येत नाही. तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा त्या पायऱ्या चढतो आणि शंकराच्या मूर्तीसमोर उभा राहून बोलतो. अमिताभ बच्चन यांचे ते भाषण आज पन्नास वर्षांनंतरही लोक नक्कल करून दाखवतात. त्याचा आशय असा : मी कधी तुझ्या दारी आलो नाही, आज आलो म्हणून तुला आनंद झाला असेल, मी हरलो असे तुला वाटत असेल, पण जिने जन्मभर तुझ्यापुढे माथा घासला ती बाई आज मरायला टेकली आहे, म्हणजे हार तुझी आहे. तिचा अपराध काय? माझ्या कर्माची शिक्षा तिला का? आणि शेवटी, सगळा ताठा संपल्यावर, मला माझी आई परत दे. पुढे आई बरी होते.

हा प्रसंग मी कीर्तनात कसा लावत असे, तेही सांगतो. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी आपला आत्माच आहे असे देव म्हणतात, पण चौघांनाही उदार म्हणतात. आर्ताला हाकलून देत नाहीत. हे निरूपण झाले की मी गजेंद्र सांगायचो, द्रौपदी सांगायची आणि मग एकदम म्हणायचो, ‘‘आणि माउली, आपल्या मुंबईच्या गोदीतला एक हमाल.’’ मंडपात खसखस पिकायची. मग मी ते भाषण माझ्या मराठीत, माझ्या ढंगाने म्हणायचो. जनाबाई विठोबाला शिव्या देते, नामदेवराय रुसतात, तुकोबा देवाला दिवाळखोर ठरवतात, तोच हा प्रेमकलह, असे म्हणून वर चढवायचो. बायका पदराने डोळे पुसायच्या. टाळकऱ्यांचे टाळ हातातच राहायचे. ‘विजयचे कीर्तन’ म्हणून माझ्या तारखा लागायच्या, हे लिहिताना आज थोडी लाज वाटते.

मग एके वर्षी, ज्येष्ठात, माझ्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात नऊ दिवस होतो. तिची वाचा गेली होती. उजवा हात माझ्याकडे यायचा तो अर्ध्यातच थांबायचा. वॉर्डाबाहेर व्हरांड्यात एका कोनाड्यात गणपतीची तसबीर होती. चौथ्या रात्री मी तिच्यापुढे उभा राहिलो. नामस्मरण करावे म्हणून उभा राहिलो होतो. पण तोंडातून जे निघाले, ते काय होते? ‘‘तीस वर्षे तुझे कीर्तन केले. बिदागी ठरवून कधी घेतली नाही. इतक्या वाऱ्या केल्या. हिने दारी आलेल्या एकाही वारकऱ्याला उपाशी जाऊ दिले नाही. हिला नेलेस तर लोक तुला काय म्हणतील?’’ बोलून झाल्यावर माझ्याच अंगावर काटा आला. शब्द माझे होते, चाल मात्र विजयची होती. वीस वर्षे जे लोकांना म्हणून दाखवले, ते अडचणीच्या वेळी आधी ओठावर आले. हजारो अभंग पाठ, पण त्यातला एकही आला नाही.

शेजारच्या कॉटवर एक वृद्ध ख्रिस्ती बाई होत्या. त्यांचे चिरंजीव, निवृत्त शिक्षक, रात्री आईच्या उशाशी बायबल वाचत बसायचे. त्यांनी माझे बोलणे ऐकले असावे. काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी आपले मराठी बायबल माझ्या हाती दिले. मध्ये एक कागद खूण म्हणून घातलेला होता. ख्रिस्ती ग्रंथ मला अगदीच परका नव्हता. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली होती आणि रेव्हरंड टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत गेल्याचे सांगत, हेही ठाऊक होते. पण मूळ ग्रंथ कधी नीट उघडला नव्हता.

खूण होती शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायावर. दावीद राजाने आपला एक निष्ठावंत शिपाई उरीया याची बायको बथशेबा हिला ठेवून घेतले आणि उरीयाला लढाईच्या तोंडावर पाठवून मारवले. नाथान नावाचा संदेष्टा येतो आणि राजाला एक गोष्ट सांगतो : एका श्रीमंताने, आपले कळप असताना, गरिबाची एकुलती एक मेंढी पाहुण्यासाठी कापली. राजा संतापतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. (दृष्टांत कसा द्यावा, हे कीर्तनकारांनी या नाथानाकडून शिकावे. ऐकणारा स्वतःच निकाल देऊन मोकळा होतो आणि मग कळते की निकाल आपल्यावरच आहे.) राजा अपराध कबूल करतो. पण त्या बाईला झालेले मूल आजारी पडते. राजा अन्न सोडतो, रात्र रात्र जमिनीवर पडून राहतो, मुलासाठी देवाची विनवणी करतो. वडीलधारे उठवायला येतात, तो उठत नाही. सातव्या दिवशी मूल मरते.

सेवकांना सांगायचे धाडस होत नाही. जिवंत होते तेव्हा ऐकत नव्हता, आता मेले म्हणून सांगितले तर जिवाचे काही करून घेईल. त्यांची कुजबुज पाहून राजाच ओळखतो. विचारतो, मूल गेले? आणि हो म्हटल्यावर तो जमिनीवरून उठतो, अंघोळ करतो, तेल लावतो, वस्त्रे बदलतो, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन दंडवत घालतो, घरी येतो आणि जेवायला वाढायला सांगतो.

माझे डोकेच फिरले. ज्याचे माणूस आत शेवटच्या घटका मोजते आहे, त्याला हे वाचायला द्यायचे? मी पुस्तक परत केले आणि जरा तुटकपणे म्हणालो, ‘‘गुरुजी, यात मूल वाचत नाही.’’

ते म्हणाले, ‘‘हो महाराज. माझी आईही वाचणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. मी रोज तेच वाचतो.’’

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पुस्तक पुन्हा मागून घेतले.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहू. वरवर ते सख्ख्या भावांसारखे आहेत. दोन्हीकडे अपराधी माणूस आहे. दोन्हीकडे त्याच्या अपराधाची झळ निरपराध जिवाला बसते आहे. दोन्हीकडे तो त्या जिवासाठी मागतो. पण चित्रपटात प्रार्थना म्हणजे सगळे शब्दच शब्द आहेत आणि शमुवेलाच्या पुस्तकात दावीदाच्या प्रार्थनेचा एकही शब्द दिलेला नाही. तो विनवणी करीत होता, एवढेच ग्रंथकार सांगतो. सात दिवस तो काय म्हणाला, हे त्याच्या आणि देवाच्या मध्येच राहिले. उलट मूल गेल्यानंतर तो सेवकांना काय म्हणाला, हे मात्र सविस्तर दिले आहे : मूल जिवंत होते तोवर देव कदाचित दया करील म्हणून उपास केला, आता उपासाने ते परत येणार आहे का? मी एक दिवस त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे येणार नाही. ग्रंथकाराचे लक्ष मागण्यावर नाही, मागणे नाकारले गेल्यानंतरच्या माणसावर आहे. माझ्या मते प्रार्थना खरी दिसते ती तिथे. संकटात देवापुढे कोणीही बोलतो, मीसुद्धा बोललो. नकार मिळाल्यावर माणूस कुठे जातो, हे पाहावे लागते. सलीम-जावेद यांनी विजयला त्या परीक्षेला बसवलेच नाही, आईला बरे करून टाकले.

यावर कोणी म्हणेल, महाराज, तुम्हाला रागावलेली प्रार्थना चालत नाही म्हणून हे म्हणता. तसे मुळीच नाही. बायबलमध्ये राग भरपूर आहे. ईयोबाच्या पुस्तकाचे ४२ अध्याय आहेत आणि त्यांतला मोठा भाग त्या दुःखी माणसाच्या तक्रारीचा आहे. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन गोड बोलतात; शेवटी देव त्या मित्रांवरच कोपतो आणि ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला असे म्हणतो. अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी अक्षरशः घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर वाचवशील का, येथून सुरू करून दहापर्यंत खाली आणतो. बाजारातली बाई कोथिंबिरीला इतकी घासाघीस करणार नाही! तेव्हा भांडण हा विजयचा दोष नव्हे.

आणि आपल्या केल्याची आठवण देवाला करून देणारा राजाही बायबलात आहे. हिज्कीया आजारी पडतो, संदेष्टा येऊन सांगतो की तू वाचत नाहीस. तेव्हा तो भिंतीकडे तोंड फिरवतो (योगायोग पाहा, ‘दीवार’ म्हणजे भिंतच) आणि देवाला म्हणतो की मी किती निष्ठेने वागलो ते आठव. रडतो. आणि देव त्याला १५ वर्षे वाढवून देतो. म्हणजे खातेवही पुढे करणाऱ्यालाही तिथे हाकललेले नाही. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर बायबल सगळे एकाच सुराचे आहे असा समज होईल. तो मोठा विस्तीर्ण ग्रंथ आहे, त्यात प्रत्येक तऱ्हेचा आर्त आहे.

मग विजयचे काय चुकते? तो देवाशी भांडायला येतो तो पहिल्याच दिवशी. जनाबाईने विठोबाला शिव्या दिल्या, पण त्याआधी त्याच्याबरोबर दळले, कांडले, शेण्या वेचल्या, अशी आपली श्रद्धा आहे. भांडायला आधी घरोबा लागतो. विजयचा देवाशी घरोबा नाही. त्याचा घरोबा त्याच्या ७८६ क्रमांकाच्या बिल्ल्याशी आहे. गोदीतले रहीमचाचा त्याला त्या आकड्याचे पावित्र्य सांगतात, तो बिल्ला एकदा गोळीही अडवतो आणि अखेरच्या पळापळीत तो हातातून निसटतो. देव न मानणारा हा माणूस ताईत मात्र जपतो. ताईताशी बोलावे लागत नाही, त्याचे ऐकावेही लागत नाही. कथालेखकांनी ही गोष्ट फार बारकाईने पेरली आहे, हे मला वीस वर्षांत कधी दिसले नाही, कारण मी त्या एका भाषणापलीकडे जातच नव्हतो.

पायरीचेही तसेच. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात. परूशी आपल्या उपासांचा आणि दानाचा पाढा वाचतो. जकातदार दूर उभा राहतो, डोळे वर करत नाही, ऊर बडवून दया मागतो. घरी जाताना नीतिमान ठरतो तो जकातदार. हा दृष्टांत वाचताना मला पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी दिसली. नामदेवरायांनी पायरी मागितली, संतांच्या पायधुळीसाठी. समोर चोखोबांची समाधी. त्यांना आत येऊ दिलेच नाही. जकातदार लाजेने लांब उभा, चोखोबांना माणसांनी लांब ठेवलेले आणि विजय बसलेला आपल्या तोऱ्यात. मी कीर्तनात या साऱ्यांना एका पंक्तीला बसवत होतो. चोखोबांवर तो अन्याय होता.

पण एवढे लिहिल्यावर आपल्याच घरात पाहिले पाहिजे. चित्रपटाने आईला बरे केले म्हणून मी नावे ठेवतो, तर आमच्या आख्यानांत काय होते? गोरोबाकाकांच्या पायाखाली मूल चिखलात तुडवले जाते आणि कीर्तनात ते परत मिळते. हे आख्यान मी शेकडो वेळा सांगितले. मूल रांगत आले की मृदंगावर थाप पडायची, विठ्ठलनामाचा गजर व्हायचा. त्या मंडपात, आपले लेकरू गमावलेली आणि ते परत न मिळालेली एखादी बाई बसली असेल, हा विचार कधी मनात आला नाही. सलीम-जावेद यांना बाजाराची गरज होती. आम्हाला कसली होती?

तुकोबांच्या चरित्रात मात्र तसे होत नाही. दुष्काळात थोरली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. कोणी परत आले नाही. तुकोबांनी त्यावर जे अभंग केले, त्यात सौदा नाही, धमकीही नाही. चरित्रकार सांगतात की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. सावकाराच्या घरातला माणूस, हिशेबावर वाढलेला. हा प्रसंग मी नेहमी वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगत आलो. दवाखान्यातल्या त्या रात्रीनंतर मला तो वेगळा दिसू लागला. लोकांकडून येणे होते तेवढेच त्यांनी बुडवले, की देवाकडून येणे होते तेही? दावीदाच्या उठून अंघोळ करण्याच्या जवळ जाणारे आपल्याकडे मला हेच एक सापडते.

नवव्या दिवशी पहाटे माझी पत्नी गेली. गुरुजींच्या आई त्यानंतर दोन दिवसांनी गेल्याचे कळले.

मी दावीदासारखा उठलो नाही. तेरावा झाला, आषाढी आली, दिंडी दारावरून गेली. मी ओसरीवर पडून होतो. मुले म्हणाली, ‘‘आबा, निदान वेशीपर्यंत चला.’’ गेलो नाही. सुमारे चार महिने वीणा खुंटीवरून काढली नाही. त्यानंतर कीर्तने केली, पण ‘दीवार’ पुन्हा सांगितला नाही. काही गावांतून फर्माईश यायची, मी विषय बदलायचो. आज हे लिहितो आहे, कारण नव्या पिढीतले कीर्तनकार सिनेमाचे दृष्टांत सर्रास घालतात आणि त्यांतले दोघे-तिघे माझ्याकडून ऐकलेला विजयच सांगतात. त्यांना दोष देत नाही. वाण माझा आहे.

गेल्या हिवाळ्यात नातवाने तो चित्रपट मोबाइलवर लावून दिला. पुष्कळ वर्षांनी सलग पाहिला. या खेपेस माझे लक्ष विजयकडे गेलेच नाही, त्याच्या आईकडे गेले. निरूपा रॉय यांच्या सुमित्राकडे. ही बाई स्वतःसाठी काही मागताना मला दिसली नाही. शेवटी ती स्वतःच्या हाताने धाकट्याला पिस्तूल देते, गोळी झाडताना त्याचा हात कापू नये म्हणते आणि मग देवळात जाऊन थोरल्याची वाट पाहत बसते. भावाची गोळी लागलेला विजय कसाबसा तिथे पोहोचतो आणि तिच्या मांडीवर प्राण सोडतो, त्याच शंकरासमोर. त्याने भांडून मागितलेली आई त्याला मिळाली होती. तिला मात्र तो गमवावा लागला. चित्रपट सुरू होतो आणि संपतो तो रवीच्या सत्कार-समारंभाने. टाळ्या वाजतात, पदक आईच्या हाती येते. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो.

तिथून ती घरी गेली असेल. संध्याकाळ झाली असेल. त्या घरातल्या देवापुढे तिने दिवा लावला की नाही, हे दाखवायला हवे होते. शमुवेलाचा लेखक ते दाखवल्यावाचून राहिला नसता.

आमच्या घरी सांजवात माझी पत्नी लावायची. ती गेल्यावर सूनबाई लावू लागली आणि मी ओसरीवरून पाहत राहायचो. कार्तिकात सूनबाई चार दिवस माहेरी गेली, तेव्हा पहिल्या दिवशी अंधार पडेपर्यंत देव तसेच राहिले. मग मी उठलो, हातपाय धुतले आणि निरांजन घेतले. वात काही केल्या नीट वळता येईना. सत्तावन्न वर्षांत ते काम कधी केलेच नव्हते. तिसऱ्या खेपेला जरा जमली. तेल थोडे सांडले.